आधी घर पाहून येऊ

नव्या रायपूरला बस मिळणं म्हणजे नशीब, म्हणून ऑफिसची गाडी मला जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातून घेऊन जाते आणि वाटेत विचार करायला निवांत वेळ मिळतो. त्या हिवाळ्यात डोक्यात एकच विषय होता. बस्तरमध्ये चकमकी जोरात होत्या तेव्हा दोन्हीकडच्या बंदुकांना भिऊन कित्येक कुटुंबं सीमेपलीकडे शेजारच्या राज्यात पळाली होती आणि तिथल्या जंगलात झोपड्या बांधून राहिली होती. आता इकडे शांतता झाली असं सगळे सांगत होते आणि तिकडच्यांना ही माणसं नको होती. दोन राज्यांची बैठक ठरली. तिच्यासाठी पर्याय मांडायचं काम आमच्या संस्थेकडे, म्हणजे माझ्या गळ्यात आलं.

मी तीन पर्याय लिहिले. सगळ्यांना परत आणायचं, तिकडेच जमीन द्यायची, किंवा दोन्ही राज्यांनी कुटुंबं वाटून घ्यायची. आमचे साहेब नागपूरचे, अशा वाटाघाटींत मुरलेले. त्यांना टिपण पसंत पडलं.

बैठकीच्या आधी तिकडची काही माणसं म्हणणं मांडायला आली. त्यांत माझ्याच वयाची एक बाई होती. मी हिंदीत तिन्ही पर्याय समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दीदी, गाँव जाके ठीक नहीं लगा, तो उधर जंगल में वापस रहने देंगे? हम निकले तो वो लोग झोपड़ी तोड़ देंगे."

साहेबांनी चहा मागवला. मला त्या चहाचा फार राग आला.

घरी माझ्या भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा चांगला, नोकरी पक्की, सगळे राजी. आई मात्र अडून बसली होती. "घर पाहिल्याबिगर मी पोट्टी देत नाही," ती म्हणाली. "पानी कुठून येते, शेजार कसा आहे, मले पाहू दे. नाही पटलं तं चहा पिऊन वापस येऊ." तिच्याकडे बघताना मला ती बाई आठवली. एका मुलीसाठी आम्ही एवढा विचार करतो, आणि इथे गावंच्या गावं न पाहता पाठवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी चौथा पर्याय लिहिला. आधी त्यांच्यातल्या थोड्या माणसांनी आपलं जुनं गाव पाहून यावं आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत तिकडच्या झोपड्यांना कोणी हात लावू नये.

"मॅडम, काहून लफडं वाढवून राहिल्या?" साहेब वैतागले. "हा पर्याय नाही, टाळाटाळ आहे."

"सर, पोरगी देताना तुम्ही घर पाहून नव्हते आले?"

"आलो होतो ना. पण ते येगळं."

"कसं वेगळं?"

ते चष्मा पुसत बसले. मी सांगून टाकलं, हा पर्याय काढायचा असेल तर टिपणावर माझं नाव घालू नका. हट्टी म्हणून माझी ख्याती आहेच, तिचा एकदा तरी उपयोग व्हावा.

बैठकीत पलीकडचे अधिकारी ऐकेनात. झोपड्यांची हमी दिली तर ताबा मान्य केल्यासारखं होईल, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. मग साहेबच पुढे सरसावले. हमी फक्त पाहणीपुरती, जमिनीच्या हक्काचा त्यात उल्लेखही नाही, असं वाक्य त्यांनी शब्द तोलून तोलून घडवलं. संध्याकाळी दोन्ही बाजूंनी सह्या केल्या.

ती बाई इतरांबरोबर गाव पाहून आली. शेतात झुडपं माजली होती, हातपंप गंजला होता, आणि ज्यांच्या भीतीने पळाली त्यांतला एकजण समोरच्याच घरात राहत होता. हे सगळं फोनवर सांगून ती शेवटी एवढंच म्हणाली, "अभी नहीं, दीदी."

"पाहा," साहेब म्हणाले, "गेली ना मेहनत पाण्यात?"

"नाही सर," मी म्हटलं. "ती नाही म्हणाली, आणि परत गेली तेव्हा तिची झोपडी जागेवर होती."