सतरा नंबरची साल

नोल्फा काताल्दोला लिमाचेत सगळे टूथब्रशबाई म्हणतात. तिला ते अजिबात आवडत नाही, पण आमच्या गावात एकदा नाव पडलं की पडलं, मग तुम्ही कितीही आदळआपट करा.

त्याचं असं आहे. जून उजाडला, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा लागला, की समुद्राकडून धुकं येऊन खोऱ्यात ठाण मांडतं आणि दहा-दहा वाजेपर्यंत हलत नाही. थंडीत भुंगे कसले बाहेर पडतात! टोमॅटोचं फूल मान खाली घालून बसलेलं असतं. त्याला कुणी गदागदा हलवलं नाही तर पराग आतल्या आत राहतो आणि फळ धरत नाही. म्हणून बियाण्यांच्या कंपनीच्या पॉलीहाऊसमध्ये बायका बॅटरीवर चालणारा टूथब्रश घेऊन ओळीओळीने फिरतात आणि एकेका फुलाच्या देठाला तो टेकवतात. घुर्रर्र झालं, पिवळी धूळ उडाली, की पुढचं फूल. दिवसाला हजार-बाराशे फुलं.

"काय गं, आज किती जणांचे दात घासलेस?" पावाच्या दुकानात कुणी ना कुणी विचारतंच.

"तुझे सोडून सगळ्यांचे," नोल्फा म्हणते. "तुझ्या तोंडाजवळ ब्रश नेला तर तोच मरायचा."

हे काम ती बावीस हिवाळे करत होती. मे महिन्यात फोन यायचा आणि सप्टेंबरात, राष्ट्रीय सणाच्या आदल्या आठवड्यात, हंगाम संपायचा. त्या दिवशी सगळ्या हंगामी बायका गमबूट घासूनपुसून कोठीवाल्या एलेओदोरोपुढे रांगेने ठेवायच्या. तो यादीवर खूण करायचा, बूट ढिगात टाकायचा, आणि बाई परत कुणीच नाही. कायमच्या लोकांचं तसं नव्हतं. दाराशी भिंतीवर खुंट्या होत्या, प्रत्येक खुंटीखाली पांढरी पट्टी, पट्टीवर नाव, आणि त्यांचे बूट वर्षभर तिथेच टांगलेले. नोल्फाचा जीव त्या खुंट्यांत अडकला होता. उगाच कशाला लपवा? पगारापेक्षासुद्धा तिला ती खुंटी हवी होती.

आणि यादीवर तिचं नाव काय, तर नोर्मा. पहिल्या वर्षी कुणीतरी चुकून लिहिलं ते लिहिलं. पाच वर्षं ती भांडली. एलेओदोरो म्हणायचा, "बाई, मी नाव लिहीत नाही, मी फक्त खूण करतो." मग तिनेही नाद सोडला.

या वर्षी मात्र चमत्कार झाला. जुनी इरिस गुडघ्यांनी बेजार होऊन घरी बसली आणि एक खुंटी रिकामी झाली. पॉलीहाऊसची इंजिनिअर माइते मॅडम, वय जेमतेम तिशीचं, परदेशात शिकून आलेली, चालताना पळणारी आणि बोलताना त्याहून जोरात पळणारी. तिनेच जुलैत सांगितलं, "नोल्फाताई, इरिसच्या जागेसाठी मी तुमचं नाव पुढे केलंय. फक्त ऑगस्टची चाचणी नीट पार पडू दे."

"पडेल की," नोल्फा म्हणाली. त्या रात्री तिने बहिणीला फोन करून तासभर काही न सांगता नुसत्या गप्पा मारल्या, इतकी ती खूश होती.

चाचणी होती सालीची. थंडीत फळ धरतं ते धरतं, पण पहाटे गारठा आणि दुपारी ऊन, यात साल तडकते. न तडकलेला टोमॅटोही ट्रकमध्ये बसून सांतियागोला पोचेपर्यंत चेपून अर्धा होतो. म्हणून जाड सालीचे बत्तीस नवे वाण लावले होते, आणि ऑगस्टच्या शेवटी घाऊक बाजारातले तिघे व्यापारी येऊन, दाबून, चावून, आपटून ठरवणार होते की कुठले ठेवायचे आणि कुठले उपटायचे. हिवाळ्यात फळ ते केवढं! वाणामागे पिकलेले चार, फार तर पाच. नोल्फाने प्रत्येक फूल स्वतःच्या हाताने हलवलं होतं. एकदा पहाटे बॉयलर बंद पडला तर फाटक उघडायच्या आधी येऊन तिने आणि मिरेयाने जुन्या पोत्यांनी कडेच्या ओळी झाकल्या होत्या. मिरेया तिची पंधरा हिवाळ्यांची जोडीदारीण, तोंडाने फटकळ, हाताने चपळ.

पाहुणे येणार त्या सकाळी माइते मॅडम जाता जाता म्हणाली, "नोल्फाताई, टोमॅटो तयार ठेवा हं. अकरा वाजता येतायत."

तयार ठेवा. बस, एवढंच म्हणाली. आता तुम्हीच सांगा, पाहुणे येणार असतील तर आमच्याकडे टोमॅटो तयार ठेवायचा म्हणजे काय करायचं? सोलायचा! लिमाचेत सालीसकट टोमॅटो खातं कोण? रविवारी आई टोमॅटो सोलायला बसवायची ते नोल्फाच्या वयाच्या सातव्या वर्षापासून. आधी सुरीची पाठ सगळ्या अंगावरून घासायची, म्हणजे साल सैल होते, मग देठाकडून एक चीर आणि ओढायचं. एखाद्या फोडीवर तिळाएवढी साल राहिली तर आई ताट परत पाठवायची. "कुणाला खायला देतेयस? डुकरांना?" असं म्हणायची. पाहुण्याच्या ताटात सालीसकट टोमॅटो वाढणं म्हणजे त्याला मळक्या चादरीवर निजवणं.

तर नोल्फा आणि मिरेया पॉलीहाऊसशेजारच्या खोलीत बसल्या. नळाखाली हात बधिर होईतो टोमॅटो धुतले, बत्तीस ताटल्या मांडल्या, नंबर लावले, आणि सोलले. एकूण एक सोलले. चकचकीत फोडी केल्या. मीठ नाही घातलं, तेवढं भान होतं. सालं नोल्फाने बादलीत टाकली, कोंबड्यांना न्यायला.

"गोजिरे दिसतायत," मिरेया म्हणाली.

"दिसणारच. कुणी सोललेत?"

अकराला माइते मॅडम पाहुण्यांना घेऊन आत आली आणि दारातच थांबली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तिघांत पुढे होता तो अब्दोन नावाचा व्यापारी, पोट एवढं की कोट पुढून मिटत नव्हता. त्याने एक फोड उचलली, उलटसुलट केली आणि गडगडून हसला.

"मॅडम, सालीची चाचणी ना? हे तर सगळे नागडे आहेत!"

एका क्षणात नोल्फाला सगळं कळलं. कळलं म्हणजे काय, बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. चार महिन्यांची फुलं, पोती, बॉयलर, आणि ती साल, ज्यासाठी हे सगळं केलं, ती कोंबड्यांच्या बादलीत. वर सगळी सरमिसळ झालेली, कुठली कुणाची ते देवालाही सांगता येऊ नये.

"ताई," माइते मॅडम दबक्या आवाजात म्हणाली, "हे काय केलंत?"

"तयार ठेवले," नोल्फा म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, तयार ठेवा."

मिरेया मध्ये पडली. "मी पण सोलले. निम्मे माझे आहेत."

"गप गं तू," नोल्फा म्हणाली. रडू येत होतं आणि रागही येत होता, स्वतःचाच. रिकामी खुंटी तिला समोर दिसत होती आणि तिच्याखाली आपलं नाव कधीच लागणार नाही हेही दिसत होतं. आता गेलीच आहे तर जाऊ दे, असं मनात आल्यावर माणसाला एक वेगळाच धीर येतो. तिने ॲप्रननेच डोळे पुसले आणि म्हणाली, "साल गेली, पण माझे हात नाही गेले. मी सोलताना बघितलंय ना सगळ्यांना. चार नंबरला सुरी लावली तर साल फाटून हातात तुकडे. अकरा, बारा, तेरा, ही सगळी चामड्याची भावंडं. ट्रकमधून पडली तरी फुटणार नाहीत, पण सोलायला गेलं की निम्मा टोमॅटो सालीबरोबर जातो. घरी आणून करायचं काय, चेंडू खेळायचं? वीसची साल कागदासारखी, ती गावाबाहेरसुद्धा जायची नाही."

अब्दोन हसायचा थांबला. "मग चांगला कुठला?"

"सतरा. साल जाड, पण सुरीची पाठ दोनदा फिरवली की पायातला मोजा निघावा तशी निघते. एकोणतीसही बरा, पण सतराची सर नाही."

"बोलायला काय जातंय," तो म्हणाला. "दाखवायला आहे का एखादा?"

होता. ओळीच्या टोकाला, तारेजवळ उंचावर, कालपर्यंत अर्धा हिरवा म्हणून राहिलेला एक. सगळी वरात पॉलीहाऊसमध्ये गेली. अब्दोनने तो टोमॅटो हातात घेतला, अंगठ्याने दाबला, आणि कुणाला काही न विचारता कमरेइतक्या उंचीवरून सिमेंटवर सोडून दिला. नोल्फाने डोळे मिटले. टप् असा आवाज आला. टोमॅटो गडगडत तिच्या बुटाशी येऊन थांबला, धडधाकट.

तिने तो उचलला. खिशातून सुरी काढली. पाठ फिरवली, चीर दिली, ओढली. साल एकसंध उतरली, तिने ती अब्दोनच्या तळहातावर ठेवली आणि फोड त्याच्या तोंडापुढे धरली.

तो चावत राहिला. मग माइते मॅडमकडे वळला. "वीस वर्षं मी जाड सालीचे टोमॅटो विकतोय, आणि वीस वर्षं घरी बायको मला शिव्या घालतेय, की असला कसला टोमॅटो आणलास, सोलता येत नाही. तुमच्या फॉर्मवर वजन आहे, रंग आहे, गोडी आहे. सोलता येतं का, हे कुठेय?"

फॉर्मवर ते कुठेच नव्हतं. माइते मॅडमने पेन काढलं आणि कागदाच्या कडेला उभी रेघ मारून एक नवा रकाना केला. वर लिहिलं: सोलणं.

पण पाहुणे गेल्यावर ती नोल्फाला सोडायची नव्हतीच. "सतरा वाचला म्हणून विसरू नका," ती म्हणाली. "एकतीस वाणांच्या सालीचं माप माझ्याकडे नाही. मला पुढच्या तोडणीपर्यंत थांबावं लागणार. मला वरच्यांना उत्तर द्यायचंय."

"माहितेय," नोल्फा म्हणाली. "माझीच चूक."

"माझीही. मी 'तयार' म्हणाले. माझी आजीसुद्धा सोलूनच द्यायची, मी विसरले होते." एवढं बोलून ती पळाली. जागेबद्दल चकार शब्द नाही.

पुढचे दोन आठवडे नोल्फाने फुलं हलवली, आधी धरलेली हिरवी फळं पिकताना बघितली. दुसऱ्या तोडणीला साल मोजायचं यंत्र आलं, आणि सतराचा आकडा जाड सालीच्या पहिल्या पाचांत निघाला. बायकांनी शिट्ट्या मारल्या. खुंटीबद्दल मात्र ना कुणी विचारलं, ना कुणी सांगितलं. मिरेया म्हणायची, "जाऊन विचार ना." नोल्फा म्हणायची, "विचारून 'नाही' ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं." जीव मात्र टांगणीला लागला होता.

हंगामाचा शेवटचा दिवस आला. गावात पताका लागल्या होत्या, मैदानावर सणाचे मांडव उभे राहत होते. नोल्फाने गमबूट घासले, दरवर्षीपेक्षा जास्तच घासले, तळव्याच्या खाचांतली माती काडीने काढली. रांगेत उभी राहिली. पुढे मिरेया होती. तिचे बूट ढिगात गेले, यादीवर खूण झाली.

"पुढची," एलेओदोरो म्हणाला.

नोल्फाने बूट टेबलावर ठेवले. वर टूथब्रश ठेवला. त्याने यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर.

"नोर्मा काताल्दो यादीत नाही."

"बावीस वर्षं आहे ती यादीत!" नोल्फा उसळली. "आजच कशी नाही? नीट बघा. बूट मी चोरले नाहीत, हे घ्या, धड आहेत."

"बाई, ओरडू नका. नाही घेणार मी हे बूट."

"का? काय झालंय त्यांना?"

"काही नाही झालं. कायमच्या लोकांचे बूट मी जमा करत नाही." त्याने नाक खाजवलं. "माइते मॅडम सकाळीच सांगून सांतियागोला गेल्या. म्हणाल्या, उन्हाळ्याच्या वाणांचा सोलण्याचा रकाना कोण भरणार, तुम्ही का? मी म्हटलं, मी कशाला. कागदावर सह्या सोमवारी. तुम्हाला त्याच सांगणार होत्या, पण बस चुकत होती. त्यांचं माहितेय ना तुम्हाला."

मिरेया तिथेच भोकाड पसरून रडायला लागली, आणि तिला बघून नोल्फालाही हुंदका आला.

एलेओदोरो उठला, भिंतीपाशी गेला, इरिसच्या खुंटीखालची जुनी पट्टी नखाने खरवडून काढली, नवी चिकटवली आणि मार्कर पुढे केला.

"घ्या, तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर परत भांडाल."

तिने मोठ्या अक्षरांत नोल्फा लिहिलं. थोडं मागे सरून बघितलं. मग पुढे होऊन सगळी अक्षरं पुन्हा एकदा गिरवली, जाड, म्हणजे लांबूनही कुणाला नोर्मा वाचता येऊ नये, आणि बूट खुंटीला टांगून अनवाणीच आपल्या चपला शोधायला निघाली.