नऊ वह्यांतला एकच माणूस

किश्श्यांचं आमच्याकडच्या कापसासारखं आहे. कोपऱ्यात मूठभर ठेवला तरी वारा सुटला की घरभर होतो. परवा आदिलाबादला एका लग्नात आम्ही चार रिटायर्ड मास्तर भेटलो. वरात दारात येऊन उभी राहिली, तरी आमचं आपलं चालूच!

सगळे किस्से एकाच वर्षाचे. आंध्र प्रदेशाचे दिवस. बोथच्या मराठी शाळेत आम्ही नऊ जण बिनट्रेनिंगचे मास्तर होतो. सरकारचा हुकूम आला, ट्रेनिंगची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा! बाकी पेपर सुटले असते, पण मानसशास्त्रात ‘व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत’ नावाचा धडा होता आणि पुस्तक होतं तेलुगूत. आमच्यातल्या वाघमारे सरांना तेलुगू चांगलं यायचं. शाळा सुटली की ते वाचून मराठीत सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो. कुलूप लावायला थांबलेले लिंबाजी मामा, आमचे अटेंडर, दाराशी बसून ऐकायचे.

*

पहिल्याच दिवशी मनाचे तीन भाग निघाले. वाघमारे सर म्हणाले, “एक म्हणते, मले आत्ताच पाह्यजे. दुसरा म्हणते, नेम म्हंजे नेम. तिसरा बिचारा दोघाइच्या मधात तडजोड करून राह्यला.”

आम्ही डोकं खाजवत बसलो. मामा दारातून म्हणाले, “यात काय अवघड हाये? पोट्टे म्हंतेत आत्ताच सुट्टी द्या. हेडमास्तर म्हंते टाइम व्हाचा हाये. अन् मधात घंटी धरून मी उभा!”

परीक्षेत नऊच्या नऊ जणांनी हेच उदाहरण लिहिलं.

*

दुसरा सिद्धांत शरीराच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखायचा. जाडी माणसं आनंदी, हडकुळी माणसं चिंतेत. तेवढ्यात आमचे अगडबंब हेडमास्तर आत आले, लाइट जळतो म्हणून सगळ्यांवर खेकसले आणि गेले.

“आता?” आमच्यातल्या शकुंतला बाईंनी विचारलं.

मामा म्हणाले, “थो कापूस ओला हाये. त्याचं वजन धरू नका!”

*

गरजांची शिडी मात्र आम्हाला हसत हसत चढता आली नाही. आधी पोट, मग सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि अगदी वर माणूस जे होऊ शकतो ते होतो. खालची पायरी भरल्याशिवाय वरची नाही, असं पुस्तक म्हणत होतं.

वाघमारे सरांनी पुस्तक पालथं घातलं. “माही माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये. सोता उपाशी राहून मले शाळेत धाडे. तिले कोणत्या पायरीवर लिवू?”

शकुंतला बाईंनी थर्मासमधला सगळा चहा त्यांच्या कपात ओतला. आजही तो धडा आठवला की मला ती माउली आठवते. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

*

मग आलं प्रॅक्टिकल. एका माणसाला पन्नास प्रश्न विचारून त्याचा स्वभाव वहीत लिहायचा. मी बाजारहत्नूरच्या बाजारात एका भाजीवाल्याला धरलं. “तुमाले किती येळा राग येते?”

तो हात जोडून उभा राहिला. “गिरदावर साहेब, मले राग येत नाई! जमीन बी नाई!”

तो मला सारा वसूल करणारा सरकारी माणूस समजला; रागावरही सारा लागतो असं त्याला वाटलं. गावोगाव हाच अनुभव. शेवटी आम्हा नऊही जणांना एकच माणूस सापडला, लिंबाजी मामा!

मामा तिसरीतून शाळेबाहेर पडलेले. जन्मभर परीक्षेची घंटा वाजवली, पण त्यानंतर स्वतः परीक्षेला कधीच बसले नव्हते. म्हणून प्रत्येक वेळी धुतलेली टोपी घालून यायचे आणि पन्नासावा प्रश्न झाला की विचारायचे, “सर, पास का मी?”

“यात पास-नापास नसते, मामा.”

“असं,” म्हणायचे आणि टोपी काढायचे. नऊदा विचारलं, नऊदा हेच उत्तर मिळालं.

*

आता शेवटचा किस्सा. नियम असा होता की माणसाचं नाव गुप्त ठेवायचं, फक्त पहिलं इंग्रजी अक्षर लिहायचं. आम्ही नियम काटेकोर पाळला. तपासणीला आलेल्या साहेबांनी पहिली वही उघडली, एल. दुसरी उघडली, एल. नवव्या वहीपर्यंत एल!

“पूरे बोथ में एक ही आदमी रहता है क्या?”

नऊही वह्या खोट्या ठरणार होत्या. नोकरी गेलीच होती. मामांना बोलावणं गेलं. ते धुतलेली टोपी घालून आले.

साहेब म्हणाले, “एक कॉपी में तुम चुप्पे, एक में बातूनी, एक में गुस्सेवाले! सच क्या है?”

“सब सच है, साब. वाघमारे सर चुप बैठते, तो मैं बी चुप बैठता. बाई बोलती, तो मैं बी बोलता.”

“और गुस्सा?”

मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ये सर सवाल पूछ-पूछ के घंटी का टैम निकाल दिये!”

साहेब पोट धरून हसले. मग पुन्हा एकदा सगळ्या वह्या सावकाश चाळल्या आणि नऊही वह्यांवर सह्या केल्या. वाघमारे सर वह्या गोळा करायला धावले. शकुंतला बाई डोळे पुसत होत्या.

मामा मात्र जागचे हलले नाहीत.

“साब, मैं नौ बार बैठा. एक बार तो पास हुआ क्या?”

साहेबांनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं आणि एक कोरा कागद पुढ्यात ओढला.

“पूरा नाम बताओ.”

मामांनी टोपी नीट केली आणि एकेक शब्द सुटा करून, वडिलांच्या नावासकट, आपलं नाव सांगितलं. त्यांचं आडनाव आम्ही नऊही जण पहिल्यांदाच ऐकत होतो!