विझली की मोगरा, पेटली की भजी

मी पहिल्यापासून सांगत होते. कुणाला खरं वाटलं नाही. जावेला वाटलं नाही, सासूबाईंना वाटलं नाही, आणि ज्यांनी शाळेत आयुष्यभर पोरांना "खरं बोला" शिकवलं त्या माईंना तर अजिबातच वाटलं नाही. बरं, माझा आवाज काही लहान नाही. पण मोठ्या आवाजाच्या बाईचं एक दुखणं असतं. ती ओरडली की लोक म्हणतात, ही रोजच ओरडते.

आता पातेलं पुन्हा माझ्या हातात आलंय, म्हणून सांगते. मेण वितळवायचं पातेलं कितीही पुसा, तळाला पातळसा थर राहतोच. पुढच्या खेपेला त्याच्यावर दुसरा. आमच्या मेणबत्त्यांचे किस्से तसेच साठलेत. कालथा लावला की सुटून येतात.

आधी माणसं सांगते. माई म्हणजे भोरच्या शाळेतल्या रिटायर झालेल्या बाई. त्यांनी मोबाईलवर बघून सेंटच्या मेणबत्त्या शिकून घेतल्या आणि शिकवायला कुणी हवं म्हणून आम्हाला धरलं. मंगल माझी धाकटी जाऊ. नंदा शेजारची. आणि मी कुसुम, चौथी पास. दर शनिवारी माई एस.टी.नं भाटघरला यायच्या आणि आमच्या पडवीत कारखाना सुरू व्हायचा. थर्मामीटर माईंचा, वाती नंदाच्या, नावं आणि स्टिकर मंगलचे. गॅस आणि पातेलं माझं. मेण कधी उतरवायचं आणि सेंट कधी घालायचं हे मी ठरवायची. लग्न करून आले तेव्हापासून या घरात मी ठरवलेली ती पहिली गोष्ट!

आमच्या ह्यांचा टेम्पो आहे. त्यांच्याकडं काम एवढंच, की तयार खोकी सारोळ्याला हायवेवरच्या दुकानात पोचवायची. एरवी ते कोंबडीखत वाहतात.

* * *

पहिली मेणबत्ती काचेच्या ग्लासात केली. मोगऱ्याची. माईंनी ती सासूबाईंपुढं पेटवून ठेवली.

सासूबाईंनी वरच्या बल्बकडं बघितलं, मग मेणबत्तीकडं बघितलं.

"लाईट गेली न्हाई."

माई म्हणाल्या, "ही उजेडासाठी नाही, आजी. वासासाठी आहे."

"मग पेटवली कशाला?"

पुढच्या आठवड्यात खरंच लाईट गेली. सासूबाई ती मेणबत्ती घेऊन गोठ्यात गेल्या, म्हशीची धार काढून आल्या, आणि म्हणाल्या, "चांगली हाय. म्हस हलली न्हाई."

आम्हाला मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट.

* * *

मग माईंनी लॅव्हेंडर आणलं. परदेशातलं फूल आहे, म्हणाल्या. मंगलनं बाटलीला नाक लावलं आणि म्हणाली, "हा तर कपड्याच्या पावडरीचा वास!"

माईंना राग आला. "मंगल, या वासानं माणसाला शांत वाटतं. आराम वाटतो."

मी म्हटलं, "माई, धुतल्या कपड्याच्या वासानं आराम कुणाला वाटतो? ज्याचे दुसऱ्यानं धुतले त्याला."

नंदाला इतकं हसू आलं, की तिच्या हातातल्या सगळ्या वाती मेणात पडल्या. त्या खेपेच्या एका मेणबत्तीत चार वाती होत्या आणि तीनमध्ये एकही नव्हती. सारोळ्याच्या दुकानदारानं चारवाली सगळ्यात आधी विकली. वर विचारलं, "अजून तसल्या हायत का?"

* * *

मेणबत्ती ओतली की लगेच पेटवायची नाही, पंधरवडाभर मुरू द्यायची, असं माई सांगायच्या. मुरवण्याचं आम्हाला काही नवीन नाही. लोणच्यासारखंच. मी तोंडाला फडक्याचे दादरे बांधून बरण्यांच्या शेजारी फडताळात ठेवल्या.

घरी पाहुणे आले. सासूबाईंनी जेवताना "लोणचं वाढते" म्हणून फडताळात हात घातला. नजर अधू. पाहुण्यांच्या ताटात डावाभर चंदनाचं मऊ मेण वाढलं.

पाहुणा सोयरिकीचा, नवा. बिचाऱ्यानं भाकरीला लावून खाल्लं! जाताना एवढंच म्हणाला, "तुमच्याकडं तिखट कमी खातात वाटतं."

* * *

एकदा वेल्ह्याच्या बाजारात आम्ही टेबल लावलं. तोरण्यावरून उतरलेली पुण्याची पोरं-पोरी आली. एका पोरीनं कॉफीची मेणबत्ती उचलली.

"मावशी, ही व्हीगन आहे का?"

"म्हंजे गं काय?"

"म्हणजे यात प्राण्याचं काही नाही ना?"

मी ग्लास उजेडात धरून नीट बघितला. "मांजराचा एक केस दिसतोय. काढून देऊ का?"

मंगलनं मला कोपर मारलं. पण पोरगी खूश झाली. म्हणाली, "तुम्ही किती ऑनेस्ट आहात!" आणि ती मेणबत्ती केसासकट घेऊन गेली.

* * *

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही छोट्या करवंटीतल्या मेणबत्त्या वाण म्हणून दिल्या. बायांना फार आवडल्या. मग सुरू झालं नाव घ्या, नाव घ्या. मंगलनं घेतलं, नंदानं लाजून घेतलं, माईंनी तर संस्कृतात घेतलं. पाळी माझ्यावर आली.

मी आमच्या ह्यांचं नाव घेत नाही. बँकेत विचारलं तर मंगलला पुढं करते. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हाही खोकला काढला होता.

बाया हटून बसल्या. "कुसुमवैनी, आज सोडणार न्हाई!"

मी म्हटलं, "ज्या दिवशी ह्यांच्या हातून काही कर्तृत्व होईल, त्या दिवशी चारचौघांत घेईन. तोवर तिळगूळ खावा."

हे दारातच उभे होते. टेम्पोची किल्ली बोटाभोवती फिरवत बाहेर गेले.

* * *

उन्हाळ्यात पहिली तक्रार आली. सारोळ्याच्या दुकानदाराचा फोन. "बाई, तुमची मोगऱ्याची मेणबत्ती विझलेली असली की मोगरा, आणि पेटवली की भजी."

"काय?"

"भजी, भजी! कांद्याची. एक गिऱ्हाईक आणून आपटून गेलं. बायको डाएटवर हाय म्हणं त्याची."

आम्ही पडवीत एक पेटवून बघितली. चौघीजणी भोवती बसलो. आधी मोगरा आला. मग जरा वेळानं, देवाशपथ, कढई चढवल्यासारखा तळणाचा वास.

नंदा म्हणाली, "मला तर भूक लागली."

माईंनी माझ्याकडं बघितलं. "कुसुम, तू याच गॅसवर तळण तळतेस?"

"तळते. पण पातेलं वेगळं, कालथा वेगळा. मेणाच्या पातेल्यात मी पाणीसुद्धा तापवत न्हाई."

"मग मेण जास्त तापवत असशील. सेंट जळत असेल."

"सेंट जळला तर वास जाईल, माई. भजी कशी येतील? कुणीतरी बाटलीत हात घालतंय!"

मंगल म्हणाली, "ताई, बाटलीत भजी कोण घालंल?"

तिघी हसल्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "तरीच म्हणलं गोडंतेल एवढं लवकर कसं संपतंय! ही चोरून भजी खाती!"

झालं. मी चोरून भजी खाणारी ठरले. पुढच्या शनिवारी माईंनी कालथा मंगलच्या हातात दिला आणि मला स्टिकर लावायला बसवलं. माझ्याच पडवीत, माझ्याच गॅसपुढं! मी सगळे स्टिकर उलटे लावले. चुकून नाही.

* * *

मी चोर शोधायला लागले. मंगलवर पाळत ठेवली. ती फक्त माझे शेंगदाणे खात होती. नंदावर ठेवली. ती माझ्याच पाळतीवर होती, माईंनी सांगितलं म्हणून. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी भावकीत सांगितलं, की सून मेणाच्या वाफेनं भ्रमली.

ह्यांच्यावर मी संशय घेतला नाही. त्यांना मोगरा आणि झेंडू यातला फरक कळत नाही. शिवाय त्या दिवसांत त्यांचं बरं चाललं होतं. टेम्पोला लग्नाच्या वऱ्हाडाच्या खेपा मिळायला लागल्या होत्या. आधी कोण बसायचं? कोंबडीखताच्या टेम्पोतून आलेल्या माणसाशेजारी पंगतीत कुणी बसत नाही.

मी एकदा विचारलंसुद्धा. "अहो, टेम्पोला मोगऱ्याचा वास कसा?"

"तुमचीच खोकी नेतो की."

बरोबर होतं.

मग मी म्हटलं, बाटली कुलपात ठेवू. फडताळाला पितळी कुलूप घातलं. किल्ली कुणाकडं द्यायची? मंगलकडं नको, नंदाकडं नको, सासूबाईंकडं तर नकोच. माझ्याकडं ठेवली तर माई पुन्हा माझंच नाव घेणार. ज्याचा या धंद्याशी काही संबंध नाही, असा घरात एकच माणूस होता. मी किल्ली ह्यांच्याकडं दिली.

"जपून ठेवा," म्हटलं.

"व्हय," म्हणाले.

* * *

माईंच्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगा वेल्ह्याकडचा, लग्न भोरला कार्यालयात, गोरज मुहूर्तावर. टेबलाटेबलावर मोगऱ्याच्या मेणबत्त्या लावायचं माईंनी कबूल करून टाकलं होतं. मला म्हणाल्या, "या खेपेला सगळं मी एकटी करणार, माझ्या घरी, थर्मामीटर लावून. तू हात लावायचा नाही. नीट झाल्या, तर दोष तुझ्या हाताचा. मग तू कायम स्टिकरच लावायचेस."

"आणि भजी आली तर?"

"तर पातेलं तुझं. आणि मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन."

फडताळातली बाटली ह्यांनी स्वतः कुलूप काढून माईंच्या हातात दिली. मी लांब उभी होते. हात पाठीमागं बांधून.

लग्नाच्या दिवशी दिवेलागणीला मेणबत्त्या पेटल्या. ज्योती हलतात म्हणून माईंनी पंखे बंद केले होते. आधी मोगरा आला. माईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मला तिथंच स्टिकर दिसायला लागले.

मग नवरीचे मामा नाक वर करून म्हणाले, "कांदाभजी दिसतीया!"

त्यांच्या मागच्या रांगेनं मान वळवली. मग तिच्या मागच्या रांगेनं. कुणीतरी उठलं, त्याला बघून दुसरं उठलं. मुहूर्ताला थोडा वेळ राहिलेला, भटजी अंतरपाट झटकतायत, आणि अर्धं कार्यालय जेवणाच्या हॉलकडं! हातात अक्षता तशाच. तिकडून आचाऱ्याचा आवाज आला, "अहो, मेनूत भजीच न्हाईत! कुणाची शप्पथ घिऊ?"

माई एका मेणबत्तीवर वाकल्या. मग सरळ झाल्या.

मी म्हटलं, "म्या हात लावला न्हाई, माई."

"नाही लावलास," माई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "पण मग कुणी?"

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. वेल्ह्याहून नवरदेवाकडच्या बाया आल्या. टेम्पो आमचाच. मागच्या फळीवर हात ठेवून एक एक बाई उतरायला लागली, आणि प्रत्येकीबरोबर दारातून मोगऱ्याची झुळूक आत येत होती. असा मोगरा, की भजी मागं सरली.

नवरदेवाच्या आत्या सगळ्यात शेवटी उतरल्या. "काय बाई गाडी! गजऱ्यात बसून आल्यावानी वाटलं. आन् मालक काय हौशी! निघायच्या आधी एवढ्याशा बाटलीतनं सेंट शिंपडत व्हते. म्हणलं, दादा, महाग असंल. तर म्हनले, संपत न्हाई वो आत्या, काढलं की घरच्या बाटलीत पुन्हा तेवढंच भरून ठेवतो."

आमचे हे टेम्पोला टेकून उभे होते. किल्ली बोटाभोवती फिरवत. टेम्पोची किल्ली, आणि तिच्या शेजारी फडताळाची पितळी किल्ली.

माईंनी किल्ल्या बघितल्या. मंगलनं बघितल्या. नंदानं तोंडावर पदर धरला. सासूबाई पुढच्या खुर्चीवर होत्या, त्या एकदम छताकडं बघायला लागल्या.

"कुसुम," माई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी तुझी माफी मागते. आता तूच सांग. बाटलीत तळणाचं तेल कुणी भरलं?"

मी पदर खांद्यावर नीट घेतला आणि कार्यालयाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. जेवणाच्या हॉलकडची माणसं परत आली. भटजी थांबले. संक्रांतीच्या बाया तिथं होत्याच, त्या एकमेकींना ढोसायला लागल्या, "गप गं, गप! कुसुमवैनी नाव घेतीया!"

मी खोकला काढला नाही.

"सर्जेराव!"