सुटला की सोडला

माझा उजवा हात दुखायला लागला तेव्हा मी तिशीची होते. खांद्यातून निघालेली कळ कोपरावरून करंगळीपर्यंत उतरायची आणि तिथेच ठाण मांडायची. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खडू गळून पडायचा. भाकरी थापणं बंद झालं, वेणी घालणं बंद झालं.

हे सुरू होण्याच्या दोन महिने आधी मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवत होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. चौथीत एक मुलगी होती. मी गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. दिवाळीनंतर तिचे आईबाप द्राक्षाच्या कामाला खाली नाशिककडे उतरायचे, त्यांच्याबरोबर तीही जायची आणि तिची शाळा बुडायची. त्या वर्षी मी तिच्या बापाला म्हटलं, "हिला माझ्याकडे ठेवा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवते." बाप कबूल झाला. आईच्या मनात नव्हतं. ती चुलीपुढे बसून राहिली.

मुलगी माझ्या खोलीवर राहिली. परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही जीपने तालुक्याला निघालो. जीप खच्चून भरली होती. तिला गाडी लागायची, म्हणून मी तिला मागच्या टोकाला, वारा लागेल असं बसवलं आणि तिचं मनगट उजव्या हाताने धरून ठेवलं. घाटातल्या एका वळणावर जीप कलली आणि उलटली. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा पाय मोडला. मला थोडंफार खरचटलं. ती मात्र जीपखाली सापडली, जागीच गेली.

लोकांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं. सगळ्यांना मी एकच सांगितलं, "हात सुटला."

तिचे आईबाप दुसऱ्या दिवशी पोचले. "बाई, तुमची काय चूक नाय," बाप म्हणाला. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बदली मागून नाशकात नवऱ्याकडे आले. आम्ही इंदिरानगरला राहायचो, तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. त्यानंतरची नऊ वर्षं या हाताने खाल्ली. एक्स-रे झाले, मानेला पट्टा झाला, मेणाचा शेक झाला. एका डॉक्टरांनी फाईल मिटत सांगितलं, "काही नाही तुम्हाला. मनावर घेऊ नका." शाळेत मागून बोलणं ऐकू यायचं की बाईंना काम टाळायचंय. नवऱ्याने सुरुवातीला रोज तेल लावून चोळलं. मग तोही कंटाळला. "अगं, सगळे रिपोर्ट चांगले आहेत," एकदा तो म्हणाला, "आता बरं व्हायचं की नाही, ते तूच ठरव." त्यानंतर मी त्याच्यासमोर कण्हले नाही.

शेवटी हाडांच्याच एका वयस्कर डॉक्टरांनी मला एका मानसोपचार करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मला वेडी ठरवलं म्हणून मी आठवडाभर गेले नाही. गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "दार उघडं ठेवू की लावू?" मी म्हटलं, उघडं. "इथे काही सांगायलाच हवं असं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा हात दुखतो, एवढं मला पटलंय. एक्स-रेत दिसलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही." नऊ वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मी रडत बसले आणि त्या दिवशी तेवढंच झालं.

तीन महिने दार उघडंच राहिलं. त्या मला पाय जमिनीवर टेकवून बसायला सांगायच्या, हाताखाली उशी द्यायच्या, कळ वाढली की थांबायच्या. एकदा त्यांनी समजावलं की धोका टळला तरी शरीराला ते कळतंच असं नाही. ते पहारा देत राहतं, स्नायू आवळून धरतं, आणि साध्या हालचालीलाही कळ उठवतं.

मग एक दिवस मी त्या वळणाबद्दल सांगायला लागले. "हात सुटला," म्हणाले.

"तुमची मूठ आवळली आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "थांबायचं का?"

"नको," मी म्हटलं. "सुटला नाही. मी सोडला. मला वरचा दांडा धरायचा होता. दोन्ही हातांनी धरला मी तो."

मला उलटी झाली. मॅडमनी पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिल्या. तुमची चूक नाही असं त्या म्हणाल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "ते तुम्ही ठरवून केलं होतं?" मी म्हटलं, ठरवायला वेळच नव्हता. हे वाक्य मला खरं वाटायला पुढचं वर्ष गेलं. तोवर दुखणं निम्म्यावर आलं होतं.

मग मी पाड्यावर गेले. बाप वारला होता. आई अंगणात नागली पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, सोडला हा शब्दही सांगितला. तिचं सूप थांबलं नाही.

"मी तिला म्हणले होते, मागं राहू नको," ती म्हणाली. "ती म्हणली, बाई हायेत ना." मग सूप खाली टेकवून तिने बेंबीखाली हात ठेवला. "तवापासून इथं दुखतं. गोळ्या खाल्ल्या, भगताकडं गेले. दुखायचं थांबत नाय."

त्या हंगामात ती नाशिकजवळच्या बागांत कामाला आली, तेव्हा मी तिला मॅडमकडे घेऊन गेले. ती खुर्चीवर बसेना, खाली बसली, तर मॅडमही खाली बसल्या. मी बाहेर थांबले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, डोळे पुसून म्हणाली, "आता नको, बाई. नाव घेतलं का लय दुखतं. मग काम होत नाय."

मॅडमनी तिला पुन्हा या म्हटलं होतं, घाई नाही असंही सांगितलं होतं. मीही दोनदा बागेत जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तर ती टोळी दुसरीकडे गेली होती, कुठे ते मुकादमाला सांगता आलं नाही. मी आता तासभर फळ्यावर लिहू शकते, थंडीत हात अजून ठणकतो. तिच्या पोटाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.