सोय आणि एस्तोय

“आधी पाय, पछी तोंड,” असं म्हणत ताईबेन पहिल्याच दिवशी माझ्या वर्गात खुर्ची सोडून उभ्या राहिल्या. कुठलीही नवी गोष्ट बसून शिकता येते यावर त्यांचा विश्वासच नव्हता. फळ्यावर शब्द लिहिला की त्या आधी पाय रोवायच्या, मग हात हलवायच्या आणि सगळ्यात शेवटी तो शब्द उच्चारायच्या.

ताईबेन हे काही त्यांचं नाव नव्हे. त्या मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायच्या. मराठी मुली त्यांना ताई म्हणत, गुजराती मुली बेन म्हणत, आणि उलटं लटकलेल्या मुलीला दोन्हींतलं एक निवडायला वेळ नसतो, म्हणून दोन्ही जोडलं गेलं. बडोद्यात राहिलेल्यांना यात काही नवल वाटायचं नाही.

मी तेव्हा सयाजीगंजात, स्टेशनच्या बाजूला, संध्याकाळचे स्पॅनिशचे वर्ग घेत असे. खाली सेव-उसळीचं दुकान, वर आमची खोली. वर्गात सगळी परदेशी शिकायला निघालेली कॉलेजची मुलं-मुली. त्यांच्यात साठीला टेकलेल्या ताईबेन आल्या, सलवार-कुडता आणि पांढरे बूट घालून. मला वाटलं, कुणाची तरी चौकशी करायला आल्या असतील. त्या सरळ पहिल्या बाकाकडे गेल्या.

हकिगत अशी होती. त्यांच्या मुलींचा दोरीवरचा एक व्हिडिओ फिरत फिरत पेरू देशातल्या एका डोंगराळ गावात पोचला होता. तिथं जिम्नॅस्टिक्सचा हॉल चालवणाऱ्या एका बाईंनी विचारलं होतं, वर्षभर येऊन आमच्या मुलींना शिकवाल का? मुली लहान, त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नाही. तेव्हा तीन महिन्यांनी व्हिडिओवर बोलू आणि मग ठरवू.

“माझं इंग्रजीच इथून पुढच्या बाजवा स्टेशनापलीकडे जात नाही,” ताईबेन म्हणाल्या, “आणि ही तर भलतीच भाषा. पण मला जायचंय, मॅडम.”

त्या गोत्रीला थोरल्या भावाकडे राहायच्या. भावाचं म्हणणं होतं, या वयात तिकडे पडलीस तर उचलणार कोण? त्यावर त्यांनी भावाला सांगितलं होतं की मी पडत नाही, मी उतरते.

पहिला धडा सर्वनामांचा होता. ‘यो’ म्हणजे मी. ताईबेननी छातीवर थाप मारली. पुढचा शब्द मी फळ्यावर लिहिला आणि वाचला, ‘तू’.

“म्हणजे?”

“तू.”

“मी नाही, तो शब्द. त्याचा अर्थ काय?”

“तूच. तू म्हणजे तू.”

त्यांचा चेहरा तेव्हा तुम्ही बघायला हवा होता. भर बाजारातून चालताना अचानक शाळेतली मैत्रीण समोर यावी तसा. इतक्या लांबच्या लोकांनी आपला एक शब्द जसाच्या तसा वापरावा याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी अख्ख्या वर्गाला उभं केलं. यो म्हणताना छातीवर हात, तू म्हणताना हात पुढे, ‘एल’ म्हणजे तो डावीकडे, ‘एया’ म्हणजे ती उजवीकडे. “चाल, फरीथी,” असं म्हणत त्या पुन्हा पुन्हा करून घेत होत्या. वीस-बावीस वर्षांची मुलं पाय आपटत सर्वनामं म्हणत होती. थोड्या वेळानं खालचे दुकानदार वर आले आणि छताची माती उसळीत पडतेय की काय अशा काळजीनं दारात उभे राहिले. ताईबेननी त्यांनाही हात करून ‘एल’ म्हटलं.

आदरार्थी ‘उस्तेद’ त्यांना समजवावंच लागलं नाही. वर्गात त्या मला ‘तुम्ही, मॅडम’ म्हणायच्या आणि जिना उतरलं की ‘चल गं, तू रिक्षा कर’. ‘नोसोत्रोस’ला मात्र त्या अडल्या. त्यांनी विचारलं, हे ‘आम्ही’ आहे की ‘आपण’? मी सांगितलं, तिथं दोन्हींना एकच शब्द आहे. ते त्यांना अजिबात पटलं नाही. मुलीला ‘आता वर जाऊ’ म्हणताना तिनंही सोबत यायचं की खालीच थांबायचं, हे तिला कळायला नको? पुढच्या वेळी त्या उपाय शोधूनच आल्या. नोसोत्रोस म्हणताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवला तर ‘आपण’, नाही ठेवला तर ‘आम्ही’. सगळ्या बायकाच असल्या तर ‘नोसोत्रास’ म्हणायचं, हे ऐकल्यावर तर त्या इतक्या खूश झाल्या की वर्ग सुटेपर्यंत तेवढंच म्हणत राहिल्या.

मग आलं ‘असणं’. मराठीत आपलं एका ‘आहे’वर भागतं. मी शिक्षिका आहे, मी दमलेली आहे, मी घरी आहे. स्पॅनिशमध्ये त्याला दोन क्रियापदं लागतात. आपण कोण आहोत, कसल्या आहोत, ते सांगायला ‘सोय’. आणि आत्ता कुठे आहोत, कशा अवस्थेत आहोत, त्याला ‘एस्तोय’.

“सोय?” त्या म्हणाल्या. “यो सोय. मी म्हणजे सोय. अगदी बराबर. घरात सगळ्यांची सोय आजवर मीच तर बघितली.”

वर्ग हसला, त्याही हसल्या. पण वाक्य करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ठामपणे म्हटलं, “यो एस्तोय माएस्त्रा.” मी दुरुस्त केलं. माएस्त्रा म्हणजे शिक्षिका, तिथं सोय हवं. त्या मान हलवेनात. त्या म्हणाल्या की शाळेत त्या व्यायामशिक्षिका होत्या खऱ्या, पण शेवटपर्यंत हंगामी. दर जूनला नवी ऑर्डर यायची आणि ती येईपर्यंत आपण शिक्षिका आहोत की नाही ते त्यांना माहीत नसायचं. असं असताना सोय कसं म्हणणार?

मी घरी जाऊन पुस्तकं चाळली आणि पुढच्या वर्गात त्यांना सांगितलं की ‘एस्तोय दे माएस्त्रा’ असंही म्हणतात, म्हणजे सध्यापुरती शिक्षिकेचं काम करतेय. ते ऐकून त्या टाळी वाजवून उठल्या.

“म्हणजे त्यांच्याकडेही हंगामी असतात! मग जमेल मला तिकडे.”

व्हिडिओवरचं बोलणं माझ्याच वर्गात ठरलं, सकाळी, म्हणजे तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. ताईबेन इस्त्रीचा कुडता घालून आल्या होत्या. रिक्षात त्यांनी सगळी क्रियापदं म्हणून काढली होती, असं त्या म्हणाल्या. पडद्यावर त्या हॉलच्या बाई दिसल्या, मागे दोऱ्या टांगलेल्या आणि दहा-बारा मुली खाली बसलेल्या. बाईंनी हसून नमस्कार केला आणि विचारलं, आपण कोण, जरा सांगा.

ताईबेनच्या तोंडून शब्दच फुटेना. तीन महिने पाय आपटून पक्कं केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फक्त छातीवर हात ठेवून दाखवला. तरी काही नाही. बाईंनी प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागे एक मुलगी दोरीवर चढायला लागली. बहुधा पाहुण्या बाईंना दाखवायला. अर्ध्यावर गेली आणि सरकन खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. बाकीच्या मुली हसल्या आणि ती तोंड झाकून रडायला लागली. काहीतरी पुटपुटत होती, मला एवढंच कळलं की मी वाईट आहे, मला येत नाही.

ताईबेन खुर्चीवरून उठल्या. पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की तिकडे त्यांचं कपाळच दिसत असणार.

“तू,” त्या म्हणाल्या. मुलीनं वर बघितलं. “तू नो एरेस माला. एल पिए एस्ता माल.”

तू वाईट नाहीस. पाय चुकीच्या जागी आहे. पहिल्या ‘आहे’ला सोयचं रूप, दुसऱ्याला एस्तोयचं, दोन्ही अचूक.

मग त्यांनी बूट काढला, मोजा काढला, उजवा पाय टेबलावर ठेवला आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्यात माझी ओढणी धरून दाखवली. दोरी घोट्यात नाही, इथं. “आकी,” इथं. मुलीनं डोळे पुसले, पाय बघितला, दोरी बोटांत धरली. चढली. वर जाऊन तिनं एक हात सोडला आणि हलवला. हॉलच्या बाई आमच्याकडे पाठ करून तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी बाकी एकही प्रश्न विचारला नाही. कधी येऊ शकाल, एवढंच विचारलं.

त्यानंतर जिन्यावरून उतरताना ताईबेनच्या हातात एक बूट तसाच होता. एक पाय अनवाणी. खालच्या दुकानदारांनी त्या दिवशी आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. ताईबेननी उभ्यानंच उसळ खाल्ली आणि तिखटानं की कशानं, डोळ्यांतून पाणी काढलं.

ताईबेन एका वर्षासाठी गेल्या. वर्षाची दोन झाली, मग आम्ही मोजायचं सोडून दिलं. सयाजीगंजची ती खोली मी नंतर सोडली, आता घरूनच शिकवते.

परवा सकाळी त्यांचा व्हिडिओ फोन आला. डोक्यावर लोकरीची टोपी, गाल थंडीनं फुटलेले. स्पॅनिश इतक्या भरभर बोलत होत्या, आणि मधेच तिकडच्या गावातले असे शब्द, की मला त्यांना थांबवून अर्थ विचारावा लागला. त्या सांगायला लागणार तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. त्यांनी फोन गादीवर ठेवला आणि गेल्या. बंद करायला विसरल्या.

पडद्यावर फक्त हॉलचं उंच छत दिसत होतं आणि तिथून खाली आलेली एक दोरी. ती हलत होती. मुलींचा गलका, पायांचे आवाज, मधून ताईबेनचा चढा सूर. मग दोरी ताणली गेली. कुणीतरी चढत होतं. मी फोन तसाच धरून बसून राहिले.