स्क्रूच्या खाचेतलं कुंकू

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. फार मोठं होतं म्हणून नव्हे. खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळींच्या वर काही आलं नाही. ज्या गुन्ह्यांसाठी मला प्रशस्तिपत्रं मिळाली त्यातले निम्मे आज आठवावे लागतात. हे आठवावं लागत नाही.

दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. शहापूर तालुक्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत विजेच्या वस्तूंचं एक भलं मोठं दुकान उघडलं. टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर, आणि मागच्या बाजूला दुरुस्तीचा विभाग. उद्घाटनाला दोन पुढारी आले, म्हणून बंदोबस्ताला मी होतो. भाषणात एकाने तालुका एकविसाव्या शतकात गेल्याचं जाहीर केलं आणि त्याच मिनिटाला लोडशेडिंग सुरू झालं. काचेचं दार आपोआप उघडणारं होतं, ते उघडेना. शेवटी आमच्या हवालदाराने खांदा लावला आणि मान्यवर एकविसाव्या शतकातून बाहेर आले.

त्यानंतर काही महिन्यांनी, मार्गशीर्षात, सकाळच्या हजेरीनंतर एक बाई आल्या. तिशीच्या, हातात कापडी पिशवी. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथल्या अंगणवाडी सेविका. शहरातल्या कुठल्याशा संस्थेने वापरून झालेला कॉम्प्युटर वाडीला दिला होता. तो बंद पडला म्हणून त्यांनी जीपमध्ये मांडीवर घेऊन या दुकानात आणला होता. परत मिळाला तो चालू, पण आतून कोरा.

“सगळं गेलं म्हनतात, साहेब. डिस्क क्रॅश झाली म्हनतात. पण ही डिस्क माझी नाय.”

“कशावरून?”

त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

“नंबर लिहून ठेवलाय?”

“नाय.”

“मग बाई, हे पोलिसांचं काम नाही. ग्राहक मंचात जा.”

त्या दिवशी महामार्गावर टँकर उलटला होता आणि वरिष्ठांची भेट ठरलेली होती. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण रोजच असतं. त्या उठल्या, “बरं साहेब” म्हणाल्या आणि गेल्या. ठाण्याच्या डायरीत नोंद झाली नाही. मी सांगितली नाही, अंमलदाराने विचारली नाही.

अकरा दिवसांनी भातसानगरच्या धरण वसाहतीतले एक पंपचालक मुलाच्या चारित्र्य दाखल्यासाठी आले. निवृत्तीला टेकलेले, बोलण्याची हौस असलेले गृहस्थ. दाखला टाइप होईपर्यंत त्यांनी बाकावर बसून त्या दुकानाचा उद्धार केला.

“आमच्या गल्लीतले तीन कॉम्प्युटर गेले तिथे. एकाचं बटण चालत नव्हतं, एकाचा पंखा वाजत होता, माझा नुसता हळू चालायचा. तिघांना एकच सांगितलं, डिस्क क्रॅश.”

“असेल झाली.”

“साहेब, मी तीस वर्षं पंप चालवतोय. तीन यंत्रांचा एकच पार्ट एकाच महिन्यात मरत नाही. आमच्याकडे असं झालं तर पंप उघडत नाहीत. आधी स्टोअरकीपरला बोलावतात.”

आमच्या खात्यात याला खबर म्हणतात. ती नेहमी कानात कुजबुजूनच येते असं नाही. बऱ्याचदा ती समोरच्या बाकावर बसून तक्रार करत असते आणि आपण दाखल्यावर शिक्का मारत असतो. मला बाईंची पिशवी आठवली. मुरबाडला बिनतारी संदेश पाठवला आणि दुसऱ्या दिवशी त्या आल्या. या वेळी मी खुर्ची दिली आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवलं.

त्यांनी काय गमावलं होतं ते तेव्हा मला कळलं. वाडीत वनजमिनीच्या दाव्यांचं काम चाललं होतं. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या तुकड्यांना कागद मिळणार होता, पण त्यासाठी पुरावा हवा. म्हाताऱ्यांचे जबाब आणि शेताच्या बांधावर उभं करून काढलेला फोटो. बाईंनी एकतीस घरांचं हे सगळं वर्षभर खपून त्या कॉम्प्युटरमध्ये भरलं होतं.

“हाताने लिहिलेलं असेल ना?”

“वह्या होत्या. टाइप झालं म्हनून सासऱ्यांनी राबात घातल्या.”

आमच्या भागात भाताचं रोप टाकण्याआधी त्या जमिनीवर शेण, पाला, काटक्या पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. पेटवायला वाळका कागद चांगला. वह्यांनी त्या वर्षीची रोपं चांगली उगवली म्हणे.

तालुक्याच्या समितीची बैठक महिन्यावर आली होती. जबाब देणाऱ्यांपैकी एक म्हातारा पावसाळ्यात वारला होता. तो कसत असलेल्या तुकड्यावर आता वनखात्याने झाडांची रोपं लावली होती. तो तिथे शेती करत होता याला तो फोटो आणि तो जबाब, एवढाच पुरावा. बाकीच्या तीस घरांचं पुन्हा लिहून घेता आलं असतं. मेलेल्या माणसाचं कोण लिहून घेणार?

“आता सांगा, डिस्क तुमची नाही हे कशावरून?”

पुन्हा पिशवीचा बंद. मग हळूच म्हणाल्या, “हसाल तुमी. दुकानवाले हसले.”

“नाही हसत.”

“खंडेनवमीला आमच्यात कोयता, नांगर पुजतात. मी म्हटलं, मामंजी, कॉम्प्युटरला पन लावा. तर म्हनले, वरच्या पत्र्याला लावून काय? पत्रा काय काम करतो? आत काम कोन करतो तो दाव. मी पत्रा काढून डिस्क दावली. त्यांनी तिलाच हळद-कुंकू लावलं, वर अक्षत. संस्थेने सांगितलेलं आत हात लावू नका. म्हनून त्या दिवशी बोलले नाय.”

आमच्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्ही दोघंही हसलो नाही, कारण आम्हाला एक गोष्ट माहीत होती. खंडेनवमीला ठाण्यातही शस्त्रपूजा होते. रायफलींना कुंकू लागतं, ते बंदुकीच्या तेलात कालवलं जातं आणि स्क्रूच्या खाचेत जाऊन बसतं. शस्त्रागार सांभाळणारा जमादार शिमग्यापर्यंत टाचणीने ते कोरत असतो आणि कोरताना ज्याने लावलं त्याच्या घराण्याचा उल्लेख करत असतो. वरून पुसलेलं कुंकू खाचेतून जात नाही.

विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला. दोन पंच, हवालदार, बाई आणि मी दुकानात गेलो. मॅनेजर टाय लावून पुढे आला.

“सर, डेटाची जबाबदारी कंपनी घेत नाही. पावतीच्या मागे छापलंय.”

पावतीच्या मागचा मजकूर मुंगीने लिहिल्यासारखा होता, तोही इंग्रजीत. मी म्हटलं, “डेटा राहू द्या. डिस्क दाखवा.”

दुरुस्ती विभागात इंजिनीअर म्हणवणारा पस्तिशीचा इसम होता. त्याच्या कपाटात खोकंभर डिस्क निघाल्या. मॅनेजरने हात पसरले. “सगळ्या सारख्याच दिसतात. ओळखा तुमची.”

बाईंनी एकेक उचलून पाहिली. त्या सगळ्या पाहीपर्यंत इंजिनीअर हवालदाराला ज्ञान देत होता. क्रॅश म्हणजे काय, सेक्टर म्हणजे काय. चोरी करणारा माणूस घाबरला की गप्प होतो हा गैरसमज आहे. शिकलेला माणूस घाबरला की शिकवायला लागतो.

“म्हंजे डिस्क फुटते?” हवालदाराने विचारलं.

“फुटत नाही हो. वाचता येत नाही.”

“मंग ती मेलेली डिस्क गिऱ्हाइकाला दावत का नाय तुमी? मयत दावल्याबिगर आमी पंचनामा नाय करत.”

इंजिनीअर यावरही काही शिकवत राहिला. बाईंनी शेवटची डिस्क खाली ठेवली आणि मान हलवली. नव्हती. मॅनेजरने चहा मागवला. हवालदार पाय दुखतात म्हणून दाराजवळ गेला आणि तिथे मांडलेल्या नमुन्याच्या कॉम्प्युटरला टेकला. त्यावर दिवसभर सिनेमातली नाचगाणी लावलेली असत, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावीत म्हणून. तो टेकला आणि इंजिनीअरचं वाक्य अर्धवट तुटलं.

एवढंच. मी तो कॉम्प्युटर उघडायला सांगितला.

आतली डिस्क पुसून चकचकीत केलेली होती. पंचांसमोर पांढरा कागद पसरला. बाईंनी पदराची पिन काढून दिली. हवालदाराने कडेच्या स्क्रूच्या खाचेत ती फिरवली. आधी काहीच नाही. दुसऱ्या खाचेतून लाल भुकटी पडली, तिच्यात पिवळा कण. तिसऱ्या खाचेतून अर्धा तांदूळ निघाला.

पंचांपैकी एकाने नकळत हात जोडले. पंचनाम्यात ते लिहिलं नाही.

ठाण्यात आणल्यावर इंजिनीअरला मारावं लागलं नाही. मारून कबुली मिळते, पण पुढे कोर्टात ती कुणाला लागत नाही. मी कागदाची पुडी टेबलावर ठेवली आणि माझी राहिलेली टपालं वाचत बसलो. अर्ध्या तासाने तो स्वतःच बोलला. गिऱ्हाइकाची चांगली डिस्क काढायची, भंगारातली रंग मारून बसवायची, क्रॅश सांगायचं. काढलेल्या डिस्क जुन्या कॉम्प्युटरात घालून विकायच्या. मॅनेजरला ठाऊक होतं. खेड्यातलं गिऱ्हाईक निवडायचं, कारण ते कपाळाला हात लावतं आणि जातं.

“त्या बाईंची डिस्क पुसलीस केव्हा?”

“लगेच नाही पुसली. तशीच पडून होती कपाटात. दाराजवळचा नमुन्याचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून त्यात घातली. वरून गाणी भरली.”

“कधी?”

त्याने आठवून दिवस सांगितला. मी कॅलेंडर पाहिलं. बाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्यानंतर पाच दिवसांनी. मी त्या सकाळी उठून चालत गेलो असतो तरी ती डिस्क जशीच्या तशी मिळाली असती. दुकान ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी हवालदाराला बाहेर जायला सांगितलं. इंजिनीअरला वाटलं मी त्याच्यावर चिडलोय.

पुढचं काम कागदांचं. मुद्देमाल एकदा लाखेने सील झाला की तो कोर्टाचा. चोरीला गेलेली वस्तू परत मिळणं आणि ती मालकाला परत मिळणं यात आमच्याकडे बराच रस्ता असतो. मी अर्ज लिहिला, समितीची बैठक जवळ आल्याचं कळकळीने मांडलं. कोर्टाने नक्कल काढायला परवानगी दिली. मुरबाडच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी दोन दिवस बसून पुसलेलं वर काढलं. कोर्टाचा कारकून सतत विचारत होता की एवढे फोटो आत मावले कसे.

तीस घरांचं मिळालं. एकतिसावं त्या मेलेल्या म्हाताऱ्याचं. जबाबाची फाइल उघडलीच नाही. तिच्यावर गाणी बसली होती. फोटो उघडला तो निम्मा. वर टोपी, सुरकुतलेला चेहरा, खाली जाणारा हात. हात बांधाकडे बोट दाखवत होता. बांध जिथे असायला हवा तिथून खाली सगळी राखाडी पट्टी.

बाईंनी तो तसाच छापून समितीला दिला. समितीने तीस दावे पुढे पाठवले आणि एक पुराव्याअभावी बाजूला ठेवला. नियमाने बघायचं तर चूक नव्हती. राखाडी पट्टीला सातबारा कोण देणार?

मला कळवायला त्या ठाण्यात आल्या. मी त्यांना त्या पाच दिवसांचं सांगितलं. सांगितलं नसतं तरी त्यांना कधी कळलं नसतं.

“मी पन कुंकवाचं पयल्याच दिवशी बोलायला पायजे होतं, साहेब.”

दोष असा वाटून घेण्याची त्यांची रीत होती. मला ती मानवली नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारतं, तेव्हा ऐकणाऱ्याला तपासाचं कौशल्य, बारीक निरीक्षण वगैरे हवं असतं. मी शिकलो ते फार साधं आहे. खेड्यातून आलेला माणूस ठाण्यात “बरं साहेब” म्हणतो, तेव्हा त्याचं बोलून झालेलं नसतं. त्याला दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारायला लागणारा वेळ एका टँकरपेक्षा कमी असतो. त्यानंतर माझ्या ठाण्यात आलेल्या प्रत्येकाची नोंद होत असे. अंमलदार वैतागत. बकरी हरवल्याच्या नोंदींनी डायऱ्या भरल्या. बकऱ्या काही सापडल्या, बऱ्याच नाही.

साक्षीचं समन्स घेऊन मी एकदा स्वतः त्या वाडीत गेलो. शिपायाचं काम होतं, तरी गेलो. म्हाताऱ्याची बायको अंगणात नागली पाखडत होती. बाईंनी ओळख करून दिली. तिने सूप खाली ठेवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चालायला लागली. मागे वळून म्हणाली, “ये. हिकडं ये.”

रोपांच्या रांगांतून ती मला घेऊन गेली. एके ठिकाणी गवत बाजूला केलं. रचलेल्या दगडांचा गुडघाभर बांध होता, शेवाळलेला, सरळ, बराच लांब गेलेला.

“ह्यो बांद. माझ्या सासऱ्यानं घातला. फोटूत नाय म्हून काय झाला? तू बगतस ना?”

“बघतोय, आजी.”

“पोलीस हायस ना? मंग लिव.”

मी डायरी काढली आणि उभ्यानेच लिहिलं: अमुक वाडी, अमुक दिशेस, रोपांच्या रांगांमध्ये जुना दगडी बांध समक्ष पाहिला. खाली सही केली. तिने ते वाचता येत नसताना नीट पाहून घेतलं.

ती डायरी आठवड्याच्या शेवटी रिवाजाप्रमाणे वर गेली. परत आली तेव्हा त्या ओळीसमोर वरिष्ठांनी लाल शाईने लिहिलं होतं: याचा गुन्ह्याशी संबंध काय?