उंबरावरचा फेस

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. माझे वडील कामशेत स्टेशनात पॉइंट्समन होते. जन्मभर अंधारात कंदील घेऊन हिंडले, त्यांना कधी काही दिसलं नाही. मग आम्हा भावंडांना कुठून दिसणार? माझ्या भावजयीकडे एक मासिक येतं, त्यात लोक आपापले अनुभव लिहून पाठवतात. ते वाचून मला हसू यायचं. मी हे पाठवणार नाही. माझं नाव छापून आलेलं मला सोसायचं नाही. पण लिहून ठेवते… कारण घडलं ते खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

ही दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझं सासर लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीत, मळवली स्टेशनापासून अर्ध्या तासाची पायवाट. हे खंडाळ्याच्या खाली घाटात, रेल्वेच्या लाइनवर गँगमन होते. सकाळच्या गाडीनं जायचे, दिवस मावळताना यायचे. घरी मामंजी, आत्याबाई आणि मी. माझं शिक्षण मराठी चौथी, पण बोलणं त्याहून कमी. मामंजींसमोर तर आवाजच फुटायचा नाही. आत्याबाई शेजारणीला म्हणायच्या, “सून मुकी न्हाई बरं का. देवानं जीभ दिलीया, पर वापरायची कशी त्ये सांगितलंच न्हाई.”

वाडीला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. तिच्यावर उंबराची एक फांदी वाकलेली. आषाढात त्या फांदीच्या पानांवर पांढऱ्या फेसाचे गोळे लटकलेले दिसू लागले, मुठीएवढे. त्याच आठवड्यात वाडीतल्या पोरांना हगवण लागली. झालं! कुणीतरी म्हणालं, ही हडळीची थुंकी आहे, पाण्यात गळते म्हणून पोरं आजारी पडतात. बघता बघता सगळी वाडी तेच म्हणू लागली.

मला मात्र तो फेस कुणाचा ते ठाऊक होतं. एका सकाळी मी लवकर पाण्याला गेले, तेव्हा फांदीवर दोन बेडूक बसलेले पाहिले. आपल्या मोरीत रांजणामागे भिंतीला चिकटून बसतो ना, तोच तपकिरी बेडूक. मागच्या पायांनी ते दोघं असा फेस काढत होते, जसं कुणी ताक घुसळावं. मी घागर खाली ठेवून बघत राहिले. हाताशी येईल असा एक गोळा होता, त्याची कड काडीनं हलकेच उघडली. आत फिकट अंडी. चार दिवसांनी पुन्हा बघितलं तर त्यांना शेपट्या फुटून ती वळवळत होती. फेस वरून वाळतो, आत ओल राहते. वर पक्षी नाही, खाली मासा नाही… मोठी सर आली की फेस विरघळून पिलं नीट पाण्यात पडणार. घरंदाज बाईनं बाळंतपणाची तयारी करावी तशी ती सोय बघून मला फार नवल वाटलं.

मी आत्याबाईंना सांगून पाहिलं.

“बेडूक झाडावर कशाला चडंल?” त्या म्हणाल्या. “उंबरं खायाला?”

“अंडी घालायला, आत्याबाई. पाण्याच्या वर.”

“बरं, बरं. भाकरी करपली बग.”

दोन दिवसांनी रिपरिप थांबून उघडीप पडली आणि मामंजींनी ठरवलं की फांदी घासलेटनं पेटवायची, विहिरीत चुन्याची पोती ओतायची आणि तळातले बेडूक-बिडूक सगळं मारून पाणी शुद्ध करायचं. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. त्या दुपारी मी दळण घेऊन बसले, पण हात चालेना. त्या विहिरीत एकही बेडूक उरला नसता. भाताच्या खाचरांत किडे खायला तेच तर जातात. आणि ती फांदीवरची पिलं तर आज-उद्या पडायचीच होती. मी जात्यावरून उठले. आत्याबाईंनी हाक मारली, मी थांबले नाही. असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

विहिरीवर सगळे पुरुष जमले होते. मामंजींच्या हातात बांबूला चिंधी बांधलेला पलिता, पेटलेला. मी पदर पुढे ओढून फांदीखाली जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “थांबा. पोरं हायती ती. जाळू नका.”

ओरडले नव्हते. ओरडायला आवाज लागतो. माझ्यापासून दोन हातांवर उभे असलेले चुलतसासरे म्हणाले, “काय म्हनती रं ही? वाऱ्यानं काय ऐकू येईना.”

“मला बी न्हाई कळलं,” मामंजी म्हणाले. “पुन्यांदा बोल, पोरी.”

पुन्हा बोलणं काही जमलं नाही. मी फेसाचं एक पान तोडलं, काठावरच्या भरल्या घागरीतल्या पाण्यात धरलं आणि घागर मामंजींच्या पायाशी ठेवली. फेस विरला. पाण्यात काळे ठिपके सुटले आणि इकडेतिकडे पळू लागले.

सगळे वाकून बघू लागले.

“आयला, हडळीची थुंकी पव्हतीया की,” कुणीतरी म्हणालं.

“गप ए. बेडकाची पोरं हायत ती. शेपट्या बग.”

“मंग पोरांचं पोट कशानं बिघाडलं?”

मामंजींनी घागरीतून नजर उचलली. मग विहिरीच्या काठाकडे बघितलं. गुरं धुतलेलं पाणी तिथूनच आत जात होतं. त्यांनी पलिता चिखलात दाबून विझवला. “काठ उंच करून घ्या,” ते म्हणाले. “आन् ह्या फांदीला कुनी हात लावायचा न्हाई. सूनबाई, घागर आत वत. हळू.”

मी पिलं विहिरीत सोडली.

इथपर्यंत न समजण्यासारखं काहीच नाही. पुढचं मात्र…

संध्याकाळी हे आले. पाय धुताना माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “दुपारी घाटात आलतीस व्हय?”

मी नाही अशी मान हलवली.

“मंग तुजा आवाज कसा आला? घन उचलला आन् कानाशी बोलल्यावानी ऐकू आलं — थांबा, पोरं हायती ती, जाळू नका. म्या घन खाली ठिवला.”

विहिरीवर काय झालं ते त्यांना अजून कुणीच सांगितलं नव्हतं. ते स्टेशनावरून थेट घरी आले होते. मला वाटलं, वाटेत कुणी भेटलं असेल आणि हे थट्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या गँगमधले रहीमभाई स्वतः घरी आले आणि दारातच म्हणाले, “वैनी, काल तुमी आमची लय धावपळ केली. बाईचा आवाज आला, पोरं हायती म्हनून. मला वाटलं कुनाची बायको पोरं घिऊन लाइनवर आली. सगळे जन झुडपांत पोरं शोधतोय, आन् मुकादम वरून शिव्या देतोय. त्याला बिचाऱ्याला कायबी ऐकू आलं न्हवतं.”

“पोरं सापडली का मग?” आत्याबाईंनी विचारलं.

“कुटली वं, मावशी. एक सरडा घावला.” मग आत्याबाईंनी त्यांना उंबरावरच्या फेसाची सगळी हकिकत सांगितली.

त्या दिवशी घाटात दरड पडली नाही, की कुणावर संकट आलं नाही. म्हणजे मला कुणाला वाचवायचं होतं म्हणून आवाज तिकडे गेला, असंही म्हणता येत नाही. माझा भाऊ मॅट्रिक आहे. तो म्हणाला, वाऱ्यावर आवाज लांब जातो. पण मध्ये लोणावळा, खंडाळा, डोंगर आणि बोगदे. आणि दोन हातांवरच्या माणसाला जे ऐकू गेलं नाही, ते तिकडे कसं पोचलं? मी खूप विचार केला, अजून करते, पण उत्तर मिळालेलं नाही.

एवढंच माहीत आहे, की पावसाळ्यात गँगची माणसं लाइनच्या कडेची झुडपं तोडतात, तेव्हा पाण्यावरच्या एखाद्या फांदीला तसा फेस दिसला की रहीमभाई कोयता धरणाऱ्याला थांबवतात. आमचे हे घरी आले की मला सांगतात. रहीमभाई म्हणतात, “ऱ्हाऊ दे ती फांदी. वैनीची पोरं हायत.”